बेवारस डिस्क पुसताना

बंगळुरूच्या व्हाइटफील्डमध्ये महिना उलटला की अनेक संगणक-कंपन्यांत एक यादी फिरू लागते. क्लाउडचे बिल आलेले असते, ते गेल्या महिन्यापेक्षा फुगलेले असते आणि वरून विचारणा झालेली असते. मग एखादा तरुण अभियंता कोणत्याही सर्व्हरला न जोडलेल्या डिस्क शोधून काढतो. शे-दीडशे ओळींच्या त्या यादीत ‘टेस्ट-२’, ‘डेटा-नवीन’, ‘तात्पुरते’ अशी नावे असतात. क्वचित एखादे ‘पुसू नये’ असेही असते. ते कोणी लिहिले आणि का लिहिले हे सांगू शकणारा माणूस दोन वर्षांपूर्वीच दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो. यादीशेजारी पुसण्याचे बटण असते. ते दाबले की खर्च तत्काळ उतरतो, आणि जे पुसले गेले ते बहुधा परत येत नाही.

हे बटण कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर दाबावे, या प्रश्नाकडे आजवर मुख्यतः हिशेबनिसाच्या नजरेने पाहिले गेले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनीही तो आपला मानावा, कारण उद्याची निरीक्षणे, जनुकीय क्रम, हवामानाच्या नोंदी आणि प्रबंधांची कच्ची सामग्री अशाच डिस्कवर राहणार आहे. वापरात नसलेली डिस्क वर्षानुवर्षे तशीच ठेवणे हा निष्काळजीपणा आहे, आणि ती घाईने पुसणे हा त्याहून मोठा निष्काळजीपणा आहे. दोहोंवर उपाय एकच: प्रत्येक डिस्कला जन्मतःच एक नावानिशी मालक असावा, आणि ती पुसण्यापूर्वी ठरावीक मुदतीची नोटीस निघावी.

व्हाइटफील्ड हे गावच एका नोंदीतून जन्मले आहे. १८८२ साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर, युरेशियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांची शेतीवसाहत म्हणून ते वसले. १९९० च्या दशकात भारत आणि सिंगापूर यांच्या भागीदारीतून तेथे ‘आयटीपीएल’ हे तंत्रज्ञान-संकुल उभे राहिले आणि शेतांच्या जागी काचेच्या इमारती आल्या. २०२३ मध्ये मेट्रोही पोहोचली. ती मूळ जमीन कोणी दिली, कोणासाठी दिली, हे एकशेचाळीस वर्षे उलटल्यावरही सांगता येते. त्याच जमिनीवरच्या कार्यालयात दोन वर्षांपूर्वी निर्माण झालेली डिस्क कोणाची, हे मात्र कोणालाच सांगता येत नाही.

बटण व्हाइटफील्डमध्ये दाबले जाते म्हणून डिस्कही तेथेच असते असे नाही. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे आपली क्लाउड-केंद्रे सुरू केली. ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत आणि २०२२ मध्ये हैदराबादेत, तर गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आणि २०२१ मध्ये दिल्लीत आपापली केंद्रे उघडली. कन्नड पाट्यांच्या रस्त्यावर बसून पुसलेली डिस्क त्यामुळे अनेकदा महाराष्ट्रातल्या एखाद्या खिडक्या नसलेल्या इमारतीत असते. पुसणाऱ्याने ती कधी पाहिलेली नसते, आणि पाहता येण्याजोगी एक वस्तू म्हणून ती अस्तित्वातही नसते. क्लाउडमधील डिस्क ही मुळात एक नोंदवही आहे. तुमचा अमुक क्रमांकाचा तुकडा कोणत्या कपाटातील कोणत्या खऱ्या साधनावर ठेवला आहे आणि त्याच्या प्रती कोठे आहेत, एवढेच ती सांगते. हाताला न लागणाऱ्या वस्तूचा विसर लवकर पडतो.

या विसराला यंत्राच्या मूळ मांडणीचीही साथ असते. ॲमेझॉनच्या सेवेत आभासी सर्व्हर बंद करून काढून टाकला की त्याची मुख्य डिस्क सहसा त्याच्याबरोबर जाते. पण नंतर जोडलेल्या डिस्क, तसे वेगळे सांगितले नसेल, तर मागे राहतात. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युरमध्येही सर्व्हर काढला तरी डिस्क राहू देणे ही जुनी रीत आहे. यामागे शहाणपणच आहे. सर्व्हर पुन्हा उभा करता येतो, माहिती पुन्हा उभी करता येत नाही. म्हणून शंका असेल तेथे यंत्राने माहिती राखावी, हे धोरण योग्यच म्हटले पाहिजे. त्याचा एक परिणाम मात्र असा की प्रत्येक संपलेला प्रयोग, प्रत्येक सोडून दिलेले प्रात्यक्षिक आणि प्रत्येक बंद पडलेला प्रकल्प आपल्यामागे एक डिस्क ठेवून जातो.

या डिस्कचे भाडे चालूच राहते, आणि ते भरलेल्या जागेवर नव्हे तर मागितलेल्या जागेवर आकारले जाते. १,००० गीगाबाइटची डिस्क घेऊन तिच्यात ४० गीगाबाइटच भरले असले तरी पैसे १,००० चेच पडतात. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण क्लाउडच्या बिलाला तंतोतंत लागू पडते.

तरीही ‘राहू द्या, कधी लागेल सांगता येत नाही’ असे म्हणणारा एक मोठा पक्ष आहे, आणि मराठी घरातला माळा पाहिलेल्या कोणालाही त्याचे म्हणणे ओळखीचे वाटेल. साठवण स्वस्त झाली आहे, निर्णय महाग आहे, मग पुसण्याची जोखीम कशाला घ्यावी, असा हा युक्तिवाद. त्यातील उणीव खर्चापेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. विसरलेली डिस्क कोणी अद्ययावत करत नाही, तिच्यावर कोणाचा पहारा नसतो, आणि तिच्यात काय आहे हेच ठाऊक नसल्यामुळे ती चोरीला गेली तरी काय गेले हे कळत नाही. जी माहिती अस्तित्वातच नाही ती चोरता येत नाही, हे सुरक्षाशास्त्रातील सर्वांत स्वस्त संरक्षण आहे.

याचा पुरावा क्लाउडच्याही आधीपासून मिळतो. सिम्सन गार्फिन्केल आणि अभि शेलट या संशोधकांनी बाजारातून १५८ जुन्या हार्डडिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कपैकी अवघ्या १२ नीट पुसलेल्या होत्या. बाकीच्यांतून पत्रव्यवहार, वैद्यकीय माहिती आणि ५,००० हून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक निघाले. दोन दशकांनंतरही धडा शिकला गेला होता असे नाही. मॉर्गन स्टॅन्ली या वित्तसंस्थेने जुनी साधने निकालात काढण्याचे काम त्यातला अनुभव नसलेल्या वाहतूकदाराकडे सोपवले, त्यांपैकी काही साधने ग्राहकांच्या माहितीसह लिलावात विकली गेली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या रोखे-नियामकाने संस्थेला ३.५ कोटी डॉलरांचा दंड केला. सुंभ जळतो, पीळ राहतो. दंड त्या पिळाचा होता.

विजेचाही विचार टाळता येणार नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा-केंद्रांनी सुमारे ४१५ टेरावॅट-तास वीज वापरली, म्हणजे जागतिक वापराच्या सुमारे दीड टक्का. त्यात विसरलेल्या डिस्कचा वाटा लहान असेल. पण ज्या विजेचा कोणालाच उपयोग नाही तिचे समर्थनही कोणाला करता येणार नाही. २०२४ च्या उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरसाठी ताटकळलेल्या बंगळुरूला साधनांच्या उधळपट्टीचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

म्हणून पुसणे आवश्यक आहे. पण आवश्यक गोष्टच घाईत केली की ती कशी उलटते, याचे सर्वांत बोलके उदाहरण विज्ञानाच्या क्षेत्रातूनच येते. डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावरून सुमारे ७७ टेराबाइट माहिती नाहीशी झाली. सुमारे ३.४ कोटी फायली गेल्या, १४ संशोधनगटांना फटका बसला आणि त्यांपैकी चार गटांची माहिती परत मिळणे अशक्य ठरले. हल्ला कोणी केला नव्हता, आगही लागली नव्हती. दहा दिवसांहून जुन्या, निरुपयोगी झालेल्या नोंदफायली पुसणारी एक छोटी स्क्रिप्ट बॅकअपच्या व्यवस्थेत होती. ती वाचायला सोपी व्हावी म्हणून पुरवठादार कंपनीने तिच्यात सुधारणा केली आणि जुनी आवृत्ती चालू असतानाच नवी तिच्या जागी ठेवली. चालू असलेला कार्यक्रम अर्ध्यावरून नवी आवृत्ती वाचू लागला. कोणती जागा साफ करायची हे सांगणारे चल त्याला रिकामे मिळाले. आणि त्याने नोंदफायलींऐवजी संशोधकांची सामग्री साफ केली. राखण्यासाठी ठेवलेल्या व्यवस्थेनेच नाश केला. कंपनीने पूर्ण जबाबदारी स्वीकारली, पण स्वीकारलेल्या जबाबदारीतून हरवलेली गणने परत येत नाहीत.

दुसरे उदाहरण एप्रिल २०२२ चे. ॲटलासियन या कंपनीला एक जुने, वापरातून गेलेले उपअंग ग्राहकांच्या खात्यांतून काढायचे होते. ज्या गटाने काढण्यास सांगितले त्याने उपअंगांचे क्रमांक देण्याऐवजी ग्राहकांच्या संपूर्ण संकेतस्थळांचे क्रमांक दिले, आणि स्क्रिप्ट ‘काढण्यासाठी खूण कर’ या पद्धतीने न चालता ‘कायमचे काढ’ या पद्धतीने चालली. अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांची ८८३ संकेतस्थळे गेली. बॅकअप होते म्हणून ती परत आली, पण काहींना दोन आठवडे वाट पाहावी लागली. पुसायला मिनिटे लागली आणि परत आणायला पंधरवडा, हे प्रमाण प्रत्येक विद्यार्थ्याने वहीत लिहून ठेवावे.

तिसऱ्या उदाहरणात तर माणसाने त्या दिवशी बटण दाबलेलेच नव्हते. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातील युनिसुपर या निवृत्तिवेतन-निधीची गूगल क्लाउडवरील खासगी व्यवस्था एकाएकी नाहीशी झाली आणि सहा लाखांहून अधिक सभासदांना आठवडाभर आपले खाते पाहता आले नाही. ती व्यवस्था उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ यंत्राने ‘मुदत एक वर्ष’ असा लावला. वर्ष संपले आणि यंत्राने शब्द पाळला. ग्राहकाने मागणी केलेली नसल्यामुळे पूर्वसूचनाही गेली नाही. निधीने दुसऱ्या पुरवठादाराकडे वेगळ्या प्रती ठेवल्या होत्या, त्या कामी आल्या.

तिन्ही प्रसंगांत एक समान धागा आहे. ‘वापरात नाही’ आणि ‘नको आहे’ या दोन वेगळ्या विधानांना यंत्राने एक मानले. पहिले विधान तपासता येते: डिस्क कोणत्याही सर्व्हरला जोडलेली नाही, शेवटचे लेखन अमुक तारखेला झाले. दुसरे विधान मूल्यमापन आहे आणि ते माणसालाच करावे लागते. न जोडलेली डिस्क रात्रीपुरती सोडवलेली असू शकते; वर्षातून एकदा, ३१ मार्चच्या सुमारास लागणाऱ्या कामाची असू शकते; कुबरनेटिससारख्या व्यवस्थेत एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाण्याच्या वाटेवरही असू शकते. उलटपक्षी, जोडलेली डिस्क वर्षभर कोणी वाचलेलीही नसेल. जोडणी हा उपयोगाचा पुरावा नव्हे आणि तिचा अभाव हा निरुपयोगाचाही नव्हे.

विज्ञानात तर ‘नको आहे’ हे ठरवणे अधिकच कठीण. २००७ मध्ये डंकन लोरिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातून आलेल्या, काही सहस्रांश सेकंद टिकलेल्या एका तीव्र रेडिओ-स्पंदाची नोंद प्रसिद्ध केली. ‘द्रुत रेडिओ स्फोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आविष्कारांचा तो पहिला नमुना, आणि आज ती खगोलशास्त्राची एक जोमदार शाखा आहे. तो स्पंद मात्र २००१ मध्येच ऑस्ट्रेलियातील पार्क्स दुर्बिणीने टिपला होता. सहा वर्षे तो जुन्या नोंदींत पडून राहिला आणि डेव्हिड नार्केविक या पदवीच्या विद्यार्थ्याच्या नजरेला तो पडला. ‘पाच वर्षे कोणी उघडले नाही ते पुसा’ असा नियम तेथे असता, तर ही शाखा केव्हा जन्मली असती कोण जाणे. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी दुर्बिणीची निरीक्षणेही ठरावीक मुदतीनंतर इतर संशोधकांसाठी खुली होतात. एकाला निरुपयोगी वाटलेली नोंद दुसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर ठरू शकते, हा त्यामागचा विचार आहे. याउलट अपोलो-११ च्या मूळ प्रक्षेपणाच्या टेपा नासाला सापडल्या नाहीत. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, अशा निष्कर्षाला शोधपथक २००९ मध्ये आले. चंद्रावरच्या पहिल्या पावलाची मूळ नोंद पुसणाऱ्यालाही त्या दिवशी आपण टेप वाचवतो आहोत असेच वाटले असणार.

पुसणे म्हणजे नेमके काय, हेही समजून घेणे आवश्यक आहे, कारण ‘सुरक्षित’ या शब्दाला येथे दोन बाजू आहेत: नको ते पुसले जाऊ नये, आणि जे पुसले ते खरोखर जावे. साध्या संगणकावर फाइल पुसली की बहुधा तिच्याकडे बोट दाखवणारी नोंद जाते, मजकूर तेथेच राहतो. चुंबकीय डिस्कवर त्यावर दुसरे काही लिहून तो बुजवता येतो. एसएसडीत तेही भरवशाचे नाही; तेथील नियंत्रक झीज समान ठेवण्यासाठी नवे लेखन दुसऱ्याच जागी करतो, आणि एकेक फाइल पुनर्लेखनाने पुसण्याच्या पद्धती तेथे अपुऱ्या पडतात हे २०११ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो येथील संशोधकांनी दाखवून दिले. क्लाउडमध्ये तर खरे साधन ग्राहकाच्या हाती येतच नाही. म्हणून तेथील खात्रीचा मार्ग कूटलेखनाचा: डिस्क पहिल्या दिवसापासून कूटरूपात ठेवावी आणि निरोप देताना तिची किल्ली नष्ट करावी. किल्ली गेली की उरलेला मजकूर अर्थहीन ठिपक्यांचा ढीग होतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने, ‘निस्ट’ने, साधने निर्लेप करण्याविषयीच्या आपल्या मार्गदर्शिकेत या पद्धतीला स्थान दिले आहे.

भौतिकशास्त्र या बाबतीत आश्चर्यकारक उदार आहे. रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ मध्ये दाखवले की एक बिट पुसण्यासाठी काही किमान ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडावीच लागते. २०१२ मध्ये प्रयोगानेही त्याला पुष्टी मिळाली. सामान्य तापमानाला ही मर्यादा इतकी लहान आहे की संपूर्ण एक टेराबाइट पुसण्याची तात्त्विक किंमत एका ज्यूलच्या सुमारे चार कोटीव्या भागाइतकी भरते. निसर्ग पुसण्याचे जवळजवळ काहीच घेत नाही. किंमत मोजावी लागते ती काय पुसायचे हे ठरवण्याची.

ती किंमतही वाटते तितकी मोठी नाही. ॲमेझॉनच्या अमेरिकेतील केंद्रांत साध्या एसएसडी-डिस्कचा दर गीगाबाइटमागे महिन्याला ८ सेंट आणि स्नॅपशॉटचा, म्हणजे त्या क्षणीच्या प्रतीचा, ५ सेंट आहे. मुंबईचे दर थोडे अधिक. वर सांगितलेल्या १,००० गीगाबाइटच्या डिस्कला महिन्याला ८० डॉलर पडतात. स्नॅपशॉट फक्त लिहिलेल्या भागाचा घेतला जातो. ४० गीगाबाइटला महिन्याला २ डॉलर. डिस्क काढून तिचा स्नॅपशॉट तीन महिने राखला तर खर्च ६ डॉलर येतो आणि बचत २४० डॉलरची होते. ‘परवडत नाही म्हणून आजच पुसले’ हे कारण या आकड्यांपुढे टिकत नाही.

रीत साधी आहे. प्रथम यादी केवळ पाहावी. न जोडलेल्या डिस्क काढण्यासाठी मायक्रोसॉफ्टने दिलेल्या नमुना-स्क्रिप्टमध्ये एक चल शून्य ठेवले तर ती फक्त यादी दाखवते, एक केले तरच पुसते. ज्या साधनाला ‘आधी दाखव’ असे सांगता येत नाही, त्याला ‘पूस’ असे सांगू नये. त्यानंतर प्रत्येक डिस्कवर खूण करून संबंधितांना कळवावे आणि हरकतीसाठी मुदत द्यावी. मग स्नॅपशॉट घ्यावा, आणि त्यावरून डिस्क खरोखर उभी राहते का हे एकदा करून पाहावे. न तपासलेला बॅकअप ही केवळ आशा असते. गिटलॅबला हे जानेवारी २०१७ मध्ये कळले. चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली गेली, पाच प्रकारच्या बॅकअपव्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती, आणि सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी घेतलेल्या एका स्नॅपशॉटने त्यांना तारले. तपासणीनंतर डिस्क लहान गटांनी, दुसऱ्या व्यक्तीच्या संमतीने पुसाव्यात आणि काय, केव्हा, कोणाच्या सांगण्यावरून गेले याची नोंद ठेवावी. शेवटी स्नॅपशॉटलाही अंतिम तारीख द्यावी. नाहीतर माळ्यावरची अडगळ केवळ दुसऱ्या माळ्यावर जाते.

मुदतीचे हे तत्त्व क्लाउड-कंपन्यांनी काही ठिकाणी स्वतःच मान्य केले आहे. ॲमेझॉनच्या सेवेत कूटलेखनाची किल्ली तत्काळ नष्ट करता येत नाही. किमान ७ आणि कमाल ३० दिवसांची प्रतीक्षा असते. पुसलेले स्नॅपशॉट काही काळ राखणारी कचरापेटीही २०२१ पासून आहे, मात्र तिचे नियम ग्राहकाने आधी ठरवून ठेवावे लागतात. किल्लीला जी सबुरी लागू होते, ती डिस्कलाही पहिल्या दिवसापासून आपोआप लागू असावी. सबुरी नको असेल तर ती ग्राहकाने मुद्दाम बंद करावी. आज बहुतेक ठिकाणी याच्या नेमके उलट आहे.

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला ही कल्पना नवी वाटणार नाही. जमिनीच्या तुकड्याला सातबारा असतो. त्यावर नाव असते. मालक बदलला की फेरफाराची नोंद होते, संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. त्या व्यवस्थेत दिरंगाई आहे, तंटे आहेत, पण ‘ही जमीन कोणाची ते ठाऊक नव्हते म्हणून नांगर फिरवला’ असे कोणी म्हणू शकत नाही. डिस्कच्या बाबतीत मात्र हेच दर महिन्याला म्हटले जाते. निर्माण करतानाच मालक, हेतू आणि पुनर्विचाराची तारीख या तीन रकान्यांशिवाय डिस्क मिळू नये. माणूस कंपनी किंवा प्रयोगशाळा सोडताना त्याच्या नावावरील डिस्कचा फेरफार झाल्याशिवाय त्याला मोकळे करू नये. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. ते होत नाही, कारण निर्मितीचा वेग कोणालाच कमी करायचा नसतो.

आता कायदाही दारात उभा आहे. ‘डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३’ असे सांगतो की ज्या हेतूसाठी वैयक्तिक माहिती घेतली तो संपला की ती पुसली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनुसार मोठ्या ई-व्यापार, खेळ आणि समाजमाध्यम कंपन्यांनी तीन वर्षे निष्क्रिय असलेल्या वापरकर्त्याची माहिती पुसावी, आणि पुसण्यापूर्वी किमान ४८ तास त्याला कळवावे. त्याच नियमांत विशिष्ट नोंदी किमान एक वर्ष राखण्याचेही बंधन आहे; ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी संगणकव्यवस्थांच्या नोंदी १८० दिवस राखायला सांगितले होतेच. पुसा आणि राखा, या दोन्ही आज्ञा एकाच संस्थेला एकाच वेळी पाळायच्या आहेत. ज्या डिस्कवर काय आहे हेच ठाऊक नाही, तिच्याबाबत यांपैकी एकही आज्ञा पाळणे शक्य नाही. बेवारस डिस्क पुसली तरी कायदा मोडण्याची भीती, न पुसली तरी तीच.

चूक झाली की पुढे जे घडते, त्याचाही विचार येथेच केला पाहिजे. ज्याच्या बोटाखाली बटण होते तो सहसा गटातला सर्वांत नवा असतो, आणि दोषही त्याच्याच माथी मारला जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचाच हा प्रकार. ॲटलासियनने घटनेनंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात एखाद्या व्यक्तीवर बोट न ठेवता गटांमधील संवादाची उणीव आणि यंत्राने न दिलेले इशारे यांकडे लक्ष वेधले. तीच रीत योग्य आहे. एका बटणाने संस्थेचे ज्ञान नाहीसे होऊ शकत असेल, तर प्रश्न बटण दाबणाऱ्याचा कमी आणि ते तसे बनवणाऱ्याचा अधिक असतो. भीतीने काम करणारा अभियंता पुढच्या वेळी एकही डिस्क पुसणार नाही, आणि संस्था पुन्हा पहिल्या निष्काळजीपणाकडे परतेल.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हे अधिक जपले पाहिजे. विद्यापीठांत क्लाउडची खाती अनेकदा मर्यादित अनुदानावर चालतात; प्रकल्प संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन जातो आणि त्याची मोजमापे कोणाच्याही नावावर नसलेल्या डिस्कवर मागे राहतात. पुढचा विद्यार्थी बिल कमी करण्यासाठी त्या पुसतो आणि दोन वर्षांनी परीक्षक मूळ सामग्री मागतो. प्रबंधाच्या शेवटी ऋणनिर्देश लिहिला जातो, त्याच्याच शेजारी ‘ही सामग्री कोठे आहे, कोणाच्या ताब्यात आहे आणि केव्हापर्यंत राखायची आहे’ हे सांगणारे तीन ओळींचे पान असायला काय हरकत आहे? मार्गदर्शकाची सही त्यावर असली की विद्यार्थी गेल्यावरही डिस्क पोरकी होत नाही.

व्हाइटफील्डमधील यादी पुढच्या महिन्यातही फिरेल. ‘पुसू नये’ असे नाव लाभलेली ती डिस्क पुन्हा तिच्यात असेल, आणि कोणीतरी पुन्हा तिच्यापाशी थबकेल. त्या थबकण्याला उशीर म्हणू नये. एक पत्र पाठवावे, एक स्नॅपशॉट घ्यावा, तो उघडून पाहावा, ठरलेली मुदत जाऊ द्यावी आणि मग निःशंक मनाने ती डिस्क पुसावी. आणि त्याच दिवशी जी नवी डिस्क निर्माण होईल, तिच्यावर पहिल्याच क्षणी एका माणसाचे नाव लिहावे.